तुमचा लाडका बाँड कोण, आणि तो तुम्ही बघितलेला पहिलाच बाँड आहे का?

गोदाकाठ:
मंडळी, आमच्या कट्ट्यावर जेम्स बाँडचा विषय निघाला की भांडणं ठरलेलीच, गेल्या आठवड्यात परत तेच झालं. पण यावेळी एक गोष्ट लक्षात आली की वाद घालणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा लाडका बाँड म्हणजे त्याने पहिल्यांदा बघितलेला बाँड. माझा पिअर्स ब्रॉस्नन, कारण शाळेत असताना केबलवर 'गोल्डनआय' बघितला, त्याआधी बाँड हे नुसतं नाव ऐकून होतो. धरणाच्या भिंतीवरून मारलेली ती उडी, आणि मग सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवरून रणगाडा घेऊन भिंती पाडत सुटलाय आणि मध्येच शांतपणे टाय सरळ करतो! बाँड म्हटलं की मला आजही तेच दिसतं. नंतर शॉन कॉनरीचे बघितले, डॅनियल क्रेगचे तर थिएटरात जाऊन बघितले, क्रेग नट म्हणून भारी आहे यात वादच नाही, पण 'आपला' वाटत नाही. हे सगळ्यांचंच असं होतं का? कुणाचं मत नंतर बदललं असेल तर कशामुळे बदललं?

रानजाई:
माझं तर अगदी असंच आहे. माझा पहिला 'कसिनो रोयाल', 2006 चा, तेव्हा मी सातवीत होते. त्यात जिन्यातल्या मारामारीनंतर डॅनियल क्रेग खोलीत येतो, आरशासमोर रक्त धुतो, ग्लास एका दमात रिकामा करतो, शर्ट बदलतो आणि परत जाऊन पत्त्यांच्या टेबलावर बसतो. आणि त्याच रात्री नायिका वेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली असते, हादरलेली, तर हा काही न विचारता तिच्या शेजारी जाऊन बसतो. मला ते इतकं खरं वाटलं की त्यानंतर रॉजर मूरचा 'मूनरेकर' लावला तेव्हा अर्ध्यातच बंद केला, अवकाशात लेझरच्या बंदुका घेऊन लढाई चाललीय! 'स्टार वॉर्स' तुफान चालला म्हणून त्यांनी आधी जाहीर केलेला 'फॉर युवर आइज ओन्ली' मागे ठेवून हा आधी काढला हे नंतर वाचलं. पण माझ्या बाबांचा हाच आवडता, त्यांना क्रेग रडका वाटतो. मला वाटतं बाँडपट कसा असतो हे पहिल्या सिनेमातच मनात पक्कं होतं आणि पुढचे सगळे नट त्याच मापाने मोजले जातात. 2005 मध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा केस सोनेरी आहेत म्हणून केवढा गदारोळ झाला होता, बहिष्काराची वेबसाइटसुद्धा निघाली होती, एक सीन बघायच्या आधीच!

मुक्काम सातारा:
गोदाकाठ, मी तुमच्या नियमात बसत नाही. माझा पहिला 'ऑक्टोपसी', 1983 चा, थिएटरात वडिलांबरोबर बघितलेला. उदयपूर, कबीर बेदीने मुठीत फाशांचा केलेला चुरा, आणि रिक्षा चालवणारा विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना हाणतोय तेव्हा गर्दीच्या माना मॅच बघितल्यासारख्या इकडून तिकडे हलतात! त्या वयात याहून मोठी मजा नव्हती. तरी माझा आवडता टिमथी डाल्टन, आणि तो मी सगळ्यात शेवटी बघितला. कारण मधल्या काळात कॉलेजच्या लायब्ररीत इयन फ्लेमिंगच्या कादंबऱ्या हाती लागल्या आणि त्यातला बाँड मूरसारखा अजिबात नाही, तो थकतो, घाबरतो, स्वतःच्या कामाचा त्याला वीट येतो. 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये व्हिएन्नात त्याचा सहकारी डोळ्यांदेखत मारला जातो, जमिनीवरून एक फुगा घरंगळत येतो, त्यावर खुन्याचा निरोप लिहिलेला, आणि डाल्टन तो हातात घेऊन फोडतो. त्याचा तेव्हाचा चेहरा बघा, तो संताप मूरच्या बाँडला झेपलाच नसता. त्या सीनला मला कादंबरीतला माणूस भेटला.
म्हणजे माझी पहिली खरी ओळख पुस्तकातून झाली असं म्हणायचं तर म्हणा. पण मग पहिला बघितलेला कोण हा प्रश्न उरत नाही, कोणता बाँड आधी मनापासून पटला हा उरतो. बिचाऱ्या डाल्टनला दोनच सिनेमे मिळाले, 1989 नंतर कोर्टकचेऱ्यांत मालिका सहा वर्षं अडकली. त्या सहा वर्षांत मोठी झालेली पोरं ब्रॉस्ननचीच होणार, त्यांच्यासाठी नवीन दुसरं कुणी नव्हतंच.

लेस्टरवासी:
सातारकर काकांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मी इथे इंग्लंडात बरीच वर्षं आहे, इथले साठीच्या आसपासचे लोक सहसा मूरवाले. 1973 ला 'लिव्ह अँड लेट डाय' आला तेव्हा ते लहान होते, थिएटरात मूर बघितला, आणि कॉनरीचा 'डॉक्टर नो' टीव्हीवर आला तो 1975 मध्ये, आयटीव्हीवर. म्हणजे सिनेमा 1962 चा असला तरी या पोरांसाठी कॉनरी हा 'नंतर आलेला' बाँड! त्यात मूर वयाने कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, ही अजून एक गंमत. आणि नव्वदीतल्या पोरांना तर ब्रॉस्नन सिनेमाच्याही आधी निन्टेंडोवर भेटला, 1997 चा 'गोल्डनआय'चा गेम चौघांनी मिळून एकाच टीव्हीवर खेळायचा. स्वतः बाँड होऊन तासन्‌तास खेळलात तर दुसरा कुणी आवडणार कसा?
आपल्याकडे मात्र हा पिढीचा हिशोब इतका सरळ लागत नाही. आम्ही भावंडांनी आधी व्हिडिओ कॅसेट आणि मग केबल, जे लागेल ते, जसं लागेल तसं बघितलं. एका आठवड्यात कॉनरी, पुढच्या आठवड्यात ब्रॉस्नन, मध्येच मूर, कोण आधीचा कोण नंतरचा हे कळायला बरीच वर्षं गेली. आमच्या घरात तिघांचे तीन वेगळे लाडके आहेत आणि तिघांनीही ते सिनेमे एकाच टीव्हीसमोर बसून बघितले. माझा जॉर्ज लेझनबी, ज्याने एकच सिनेमा केला आणि सोडून दिलं. 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'चा शेवट, लग्नाच्या दिवशीच त्याची बायको ट्रेसी मारली जाते आणि हा तिला धरून बसून पोलिसाला सांगतो की ती जरा विश्रांती घेतेय, बाँडला असं काही होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. तो माझा पहिला नव्हता, पण त्याने मला पहिल्यांदा रडवलं.

गोदाकाठ:
वा, लेझनबीवाला माणूस पहिल्यांदाच भेटतोय! काकांचं 'आधी मनापासून पटला कोण' हे पटलं, पण माझ्या बाबतीत ते दोन्ही एकच निघतं त्याला काय करणार. आता एक खरोखरची अडचण सांगतो. माझी भाची अकरा वर्षांची आहे, दिवाळीत येतेय, तिने एकही बाँडपट बघितलेला नाही, आणि ओटीटीवर हे सगळे एका ओळीत पडलेले असतात. तिला पहिला कुठला दाखवू? माझा हात आपोआप 'गोल्डनआय'वर जाईल, पण तिच्यावर माझी आवड लादल्यासारखं होईल ना.

रानजाई:
क्रेग नको, अकराव्या वर्षी 'कसिनो रोयाल'मधला तो छळाचा सीन अजिबात नको, माझा लाडका असूनही सांगते.

मुक्काम सातारा:
'लायसन्स टू किल' पण नको, त्यात फार रक्तपात आहे. 'द स्पाय हू लव्हड मी' लावा. सुरुवातीला बर्फाच्या कड्यावरून स्कीइंग करत उडी आणि मग ते झेंड्याचं पॅराशूट, मध्ये पाण्यातून बीचवर वर येणारी लोटस गाडी आणि खिडकीतून मासा बाहेर टाकणारा मूर. आवड लादायची काळजी करू नका, तिला तो नाही आवडला तर ती स्वतःच दुसरा शोधेल. फक्त बघताना शेजारी बसून "आता बघ, आता बघ" करू नका.