बँकेत आईशी न बोलता माझ्याशी का बोलतात?

डिचोलीकर : गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २००० ज्या खात्यात येतात त्याचं केवायसी संपलं होतं, म्हणून सोमवारी आईला घेऊन बँकेत गेलो. आई ७३ वर्षांची. यंत्रावर चार वेळा बोट ठेवलं, चारही वेळा लाल दिवा. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "आजींचे ठसे गेलेत, तुम्हीच सही करता का?" आई समोर उभी! तिला सही येते. आणि ठसे वयाने गेलेले नाहीत. २६ वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. त्या तेलाने बोटांची सालं निघायची, रात्री खोबरेल चोळत बसायची. त्याच रांगेत एक निवृत्त अधिकारी होते, वय आईएवढंच. त्यांना "सर, बसा ना". म्हातारपणाची हेटाळणी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, एवढंच म्हणायचंय.

पर्वरीचा भाडेकरू : वाईट झालं. पण मी २९ वर्षांचा, दोन खोल्यांच्या भाड्यात निम्मा पगार जातो. गावोगावी घरं म्हाताऱ्यांच्या नावावर कुलूपबंद, मुलं आखातात नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. २०११च्या जनगणनेतच गोव्यात साठीपुढचे ११.२ टक्के होते, देशात ८.६. पुढे यांचा खर्च उचलणार कोण? आम्हीच ना?

सांगेचो बाब : डिचोलीकर, आता चेहऱ्यानेही ओळख पटते. पेन्शनरांच्या जीवन प्रमाणला, म्हणजे हयातीच्या ऑनलाइन दाखल्याला, २०२१पासून ती सोय आहे. ॲप घाला, रडू नका.

डिचोलीकर : आईकडे बटणांचा फोन आहे, बाब.

फोंड्याची वकील : भाडेकरू, "नावावर घर" म्हणजे हातात पैसा नव्हे. आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सहसा सामायिक. नवरा गेला की अर्धी बायकोची, उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा हक्क. मग इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा दावा, कोर्टात घालतात, आणि "आई, विकून टाकूया" हा तगादा सुरू. रोज बघते मी हे. मृत्युपत्र करायला गेली तरी मुलांचा निम्मा वाटा राखीवच. २००७चा पालकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, महिन्याला १०,०००पर्यंत मिळू शकतात. पण त्यासाठी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायचा. कितीजणी करतात, सांगा.

पर्वरीचा भाडेकरू : मान्य, घराचं मी सरसकट बोललो. पण मग सवलती गरिबालाच द्या. २०२०मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट-सवलत काढली तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडले ते एसीने जाणारे.

काणकोणची माई : माझी बहीण स्लीपरने जायची. बायकांना ५० टक्के सूट होती. आता लेकीकडे वर्षातून एकदाच जाते. तिचं ओरडणं तुझ्यापर्यंत कसं पोचणार रे बाबा?

सांगेचो बाब : दोघांचंही पटतं, म्हणून गप्प बसतो.

डिचोलीकर : आज परत गेलो. या वेळी मी बाहेरच थांबलो. पाऊण तास लागला, पण सही तिची तिने केली. घरी हे सगळं वाचून दाखवलं. भाडेकरूचं ऐकून म्हणाली, "आपली मागची खोली रिकामी आहे. विचार त्याला, किती देतो?"