जेझुइटांनी कोकणी वाचवली का?

सासष्टीकर:
‘जेझुइट नसते तर कोकणी उरलीच नसती’ हे गोव्यातील जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पाद्र्यांविषयीचे कालच्या एका सदस्याचे विधान मला झोंबले, म्हणून सविस्तर लिहितो. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी, १६४० साली, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी भागातील रायतूरला छापले गेले, हे मोठेच काम आहे. परंतु ते पोर्तुगीजमध्ये, परदेशी पाद्र्यांना धर्मोपदेश करता यावा म्हणून लिहिले होते; गावच्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे हा त्याचा हेतू नव्हता. चर्चच्या शाळांत मुले धर्माची प्रश्नोत्तरे पाठ करीत आणि गायन शिकत. कोकणी टिकली ती घरात, शेतात आणि बाजारात. शिवाय २७ जून १६८४ च्या पोर्तुगीज सरकारी फर्मानाने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली, ती विसरायची काय?

बार्देशचा जुना वाचक:
त्या फर्मानामागे आमच्या उत्तर गोव्यातील बार्देशातल्या फ्रान्सिस्कनांचा, म्हणजे दुसऱ्या एका धर्मसंघाच्या पाद्र्यांचा, आग्रह होता. जेझुइटांचे क्षेत्र सासष्टी. सगळ्या पाद्र्यांना एकाच माळेत ओवणे हा अन्याय आहे. रामायण-महाभारताच्या कथांची जेझुइटांनी रोमी (रोमन) लिपीत उतरवून घेतलेली सोळाव्या शतकातील हस्तलिखिते आजही पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. हेतू काहीही असो, त्या काळच्या कोकणी गद्याचा एवढा पुरावा दुसऱ्या कोणी जपला, ते दाखवा.

ओवीप्रेमी:
स्टीफन्स यांचे १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे, याचा उल्लेख दोघांनीही टाळला. आमचा वारसा प्रत्येक वेळी कोकणीच्या खात्यावर का जमा होतो?

सासष्टीकर:
पुराण मराठीत आहे, हे कोणी नाकारलेले नाही. येथे प्रश्न शाळेचा आहे. माझ्या वडिलांना पोर्तुगीज राजवटीतल्या शाळेत कोकणी बोलल्याबद्दल हातावर पट्टी खावी लागे. पुढे १९९० साली गोवा सरकारचे अनुदान मातृभाषेच्या प्राथमिक शाळांनाच मिळेल असे ठरले, तेव्हा चर्चच्या शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजीला अनुदान मिळताच त्यांतल्या बहुतेक परत फिरल्या. हे भाषाप्रेम म्हणायचे?

मडगावची शिक्षिका:
पालकांचा दबाव तुम्ही वर्गात उभे राहून पाहिलेला नाही. त्या शाळांत कोकणी आली ती देवनागरीत. माझ्या आईची सारी प्रार्थनेची पुस्तके रोमीत, आणि ती स्वतःच्या नातवाला गृहपाठात एका ओळीचीही मदत करू शकली नाही. अशा घरांनी इंग्रजी निवडली तर त्यांना भाषाद्रोही ठरवू नका.

बार्देशचा जुना वाचक:
लिपीचा हा घाव खरा आहे, पण त्याचे खापर सतराव्या शतकातल्या व्याकरणकारांवर फोडता येत नाही.

सासष्टीकर:
फ्रान्सिस्कनांच्या आग्रहाचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो, रोमी घरांची अडचणही मान्य करतो. तरीही ‘वाचवली’ हे श्रेय मी देणार नाही. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाल्यावरही माझ्या गावच्या बायका कोकणीतच भांडत, गात आणि मुले वाढवत राहिल्या. श्रेय त्यांचे आहे.