मंडळाच्या क्विझसाठी प्रश्न काढलेत, जरा तपासून द्या की

गल्लीकर:
नमस्कार मंडळी, यंदा गणपतीत आमच्या मंडळाची क्विझ हाय आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी एका उत्तरावरनं अशी वादावादी झाली की ढाल दोन दिवस कुणालाच दिली नाही, म्हणून आधीच विचारतोय. तीन ठिकाणी शंका आहे. भारताला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक कुणी आणलं, मी खाशाबा जाधव लिहिलंय, पण भाचा म्हणतो मोबाइलवर दुसरंच नाव येतंय. कोल्हापुरी चपलेचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, कुठल्या जिल्ह्याला, तर कोल्हापूर, आणि कुठलं असणार. तिसरा कॉम्प्युटरचा, मोडी लिपी कॉम्प्युटरवर टाइप करता येते, चूक का बरोबर? मी चूक धरलंय.

लाल_माती:
भाच्याला गप्प करू नका, त्याचं पण खरं आहे. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डनं २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा अशी दोन रौप्यपदकं घेतली, जन्म कलकत्त्याचा, आणि ऑलिम्पिक समिती ती भारताच्या खात्यावर धरते. म्हणून प्रश्नात "स्वतंत्र भारताचं" एवढे दोन शब्द घाला, विषय संपला.
आणि नुसतं नाव विचारून सोडू नका राव. खाशाबा म्हणजे गोळेश्वरचा गडी, शिकला आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला सहावा आला, सगळी कुस्ती तांबड्या मातीत केलेली आणि तिथं एकदम मॅट. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. तिथं बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये ब्राँझ! पुढचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला लिएंडर पेसचं, म्हणजे ४४ वर्षं. मी असतो तर "घर कुणी गहाण टाकलं" हाच प्रश्न विचारला असता.

चामड्याची_वादी:
चपलेचं उत्तर तेवढं बदला, नाहीतर निपाणीचा एखादा पाहुणा उठून उभा राहील. २०१९ ला जीआय मिळालं ते दोन राज्यांना मिळून, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. अथणीला तर घरोघरी हे काम चालतं. पोरांना खरंच काय शिकवायचं असेल तर एक चप्पल स्टेजवर न्या आणि उलटी करून दाखवा, बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं चामडं, आणि तळ चामड्याच्याच वादीनं शिवलेला, खिळा नाही. खिळा दिसला तर दुकानदारानं गंडवलंय समजा.

बोरूबहाद्दर:
मोडीचं उत्तर "बरोबर" आहे. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आहे, फॉन्ट फुकट मिळतो. टाइप करणं सोपं हो, वाचणं अवघड. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायचा आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लोंबकळत सोडायचा, बोरू उचलायचाच नाही, त्यामुळं एक शब्द कुठं संपला नि दुसरा कुठं सुरू झाला ते रेघेवरनं कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पण नाही. आमच्या घरातल्या एका जुन्या खरेदीखताची पहिली ओळ लावायला मला अख्खा रविवार गेला, आणि त्यात निघालं काय तर नुसती तारीख.

गल्लीकर:
म्हणजे दोन पूर्ण चुकले आणि एक अर्धा. भाच्याला अजून सांगितलेलं नाही. चप्पल आणतो, आण्णांची आहे जुनी, आत्ताच उलटी करून बघितली, खिळा नाही 😄

लाल_माती:
ढालीवर नाव मोडीत कोरा, कोण जिंकलं तेच कळणार नाही, मग भांडतंय कोण.