मसाला काजू-शेंगदाणे दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, मदत हवी आहे

वेणू_सोलापूर
गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, पाहुणे येतायत. चहाबरोबर द्यायला मसाला काजू, शेंगदाणे आणि थोडे बदाम करायचेत. केल्या केल्या कुरकुरीत असतात, दुसऱ्या दिवशी मऊ. मसाला सगळा डब्याच्या तळाशी. विकतचं सुचवू नका. उद्याच करायला बसणार आहे, लवकर सांगा.

खमंग
तळता की भाजता? किती दिवस ठेवायचंय? मसाला कधी घालता?

वेणू_सोलापूर
भाजते. भोगीपासून किंक्रांतीपर्यंत टिकायला हवं.

बाळीवेसकर
काजू कशाला ओ? सोलापुरात आलेल्या पाहुण्याला शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दही द्या. चटणी मात्र उखळात कुटलेली. तेल सुटेपर्यंत कुटली तरच ती चटणी, मिक्सरमध्ये नुसता कूट होतो.

अनु_विजापूररोड
मिक्सरमध्येही तेल सुटतं. थांबून थांबून फिरवायचा आणि दाणे कोमट असताना घ्यायचे. नोकरी करून उखळ कोण कुटत बसणार?

बाळीवेसकर
चव वेगळी लागते, ताई. दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघा.

वेणू_सोलापूर
चटणी घरात आहे. काजूचं सांगा ना कोणीतरी.

खमंग
मसाला कधी घालता, ते अजून सांगितलं नाहीत.

वेणू_सोलापूर
भाजून झाले की मिठाच्या पाण्याचा हबका, वर तिखट, चाट मसाला. हलवून गॅस बंद. जरा निवले की डब्यात.

खमंग
मग कारण सापडलं. जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी असते, हवेनं एवढे सादळत नाहीत. पाणी दाण्यातच राहतंय, त्यात डबा कोमट असताना बंद होतोय. शेंगदाण्यांना मिठाचं पाणी आधी लावा, फडक्यावर सुकवा, मग मंद आचेवर भाजा. काजूला पाणी अजिबात नको. चमचाभर तुपावर परता, फिका सोनेरी रंग आला की काढा, कारण खाली उतरवल्यावरही रंग चढत राहतो. मीठ, आमचूर, तिखट मिक्सरमधून पिठासारखं बारीक करा आणि काजू गरम असतानाच चोळा. जाडं मीठ चिकटत नाही. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डबा.

तळणवाली
शेंगदाण्यांना बेसनाचं आवरण द्या, मसाला सुटायचा प्रश्नच नाही. दोन वाट्या दाण्यांना पाऊण वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, हिंग, ओवा. पाणी शिंपडण्यापुरतंच. मध्यम आचेवर तळा.

खमंग
त्या भाजते म्हणतायत.

तळणवाली
पाहुण्यांना एकदा तळलेलं चालतं!

रेवा
पाहुण्यांत लहान मुलं आहेत का? अगदी लहानांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाणा कोणाला बाधतो का, तेही आधी विचारून ठेवा.

होममैदान
जत्रेतला अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न) बघायचा असेल तर तो होतो त्या संमती कट्ट्याकडे लवकर निघा. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, यायच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते.

वेणू_सोलापूर
मुलं आहेत, त्यांना शेंगदाण्याची चिक्की देणार होते. तीही बंद करते. खमंगताई, पाण्याचं पटलं. बदामाचं राहिलं.

खमंग
बदाम वेगळे भाजा. त्यांना वेळ जास्त लागतो, एकत्र टाकलेत तर काजू करपतील. एक फोडून बघा, आतून फिका तपकिरी दिसला की झाले. आणि लहानांसाठी चिक्कीऐवजी तिळाची मऊ वडी करा.