मदत हवी आहे: नव्वदीपर्यंत पुरेल अशी बचत कशी मांडायची?

वय ५४, खासगी नोकरी, पेन्शन नाही. आजोबा ६८व्या वर्षी गेले. बाबा ८७चे आहेत आणि अजून सकाळी दुधाची पिशवी स्वतः आणतात. म्हणजे मलाही साठीनंतरची तीसेक वर्षं धरायला हवीत! माझी भिस्त डेट फंडांवर (म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांवर) होती, पण १ एप्रिल २०२३ पासूनच्या खरेदीवरचा नफा सरळ उत्पन्नाच्या कर-स्लॅबमध्ये जातो, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत) नाही. शेअर फंडांवरचा दीर्घ मुदतीचा करही २०२४मध्ये १० वरून १२.५ टक्के झाला. पीपीएफचं व्याज तेवढं करमुक्त, पण वर्षाला दीडच लाख भरता येतात. कर आणि महागाई वजा जाता टिकेल अशी विभागणी कुणी केली आहे का? जमल्यास आकड्यांसकट सांगा. एजंटांनी कृपया मेसेज करू नये, एक पॉलिसी आधीच गळ्यात पडली आहे.