मदत हवी आहे : अमेरिकेतील लाइफलाइन योजनेचा मोफत फोन

नमस्कार. माझी मावशी न्यू जर्सीत भावाच्या कुटुंबासोबत एका घरात, पण तळमजल्यावर स्वतंत्र राहते. तिचा खर्च आणि स्वयंपाक दोन्ही वेगळे आहेत. तिला मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) मिळते, त्यामुळे केंद्र सरकारच्या लाइफलाइन योजनेस ती पात्र ठरते, असे मी गृहीत धरले आहे. १९८५ पासून चालू असलेल्या या योजनेत फोन किंवा इंटरनेटच्या बिलावर महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सवलत मिळते आणि काही कंपन्या तेवढ्यात मोफत सेवा, क्वचित हँडसेटही देतात.

अडचण अशी की एका कुटुंबाला एकच सवलत मिळते आणि त्या पत्त्यावर मामाची सवलत आधीपासून असल्याने मावशीचा अर्ज परत आला. उत्पन्न आणि खर्च वेगळे असतील तर एका छपराखाली दोन कुटुंबे धरता येतात व त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो, एवढे वाचले आहे. कंपनीच्या प्रतिनिधीने मात्र त्याचा उल्लेखही केला नाही.

हा फॉर्म कोणी भरला आहे का? सोबत कोणते पुरावे जोडले? शिवाय मोफत सेवा ३० दिवस वापरली नाही तर ती बंद करण्याची नोटीस येते. मावशी थंडीचे दोन-तीन महिने सांगलीला असते, तेव्हा काय करावे? तिच्या जुन्या फोनचे सातचे बटण दाबूनही उमटत नाही, आणि नेमका डॉक्टरांच्या नंबरात सात दोनदा आहे.