फॅक्शन : गट, कंपू की तट?

पानसुपारी : अमेरिकेची नवी राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून ‘फेडरलिस्ट’ ही लेखमाला निघाली होती. तिच्यातला जेम्स मॅडिसनचा दहावा लेख (२२ नोव्हेंबर १७८७) मराठीत आणतोय. सगळा लेख ‘फॅक्शन’ या एका शब्दावर उभा आहे आणि गाडी तिथेच अडलीय. ‘गट’ लिहिलं की बचत गट आठवतो. काय वापरावं?

वऱ्हाडी : दुफळी. गावात दुफळी माजली म्हणतोच की आपण.

बोरूबहाद्दर : दुफळी ही स्थिती झाली, माणसं नव्हेत. मॅडिसनची व्याख्या बघा : नागरिकांचा असा समूह, मग तो अल्पसंख्य असो की बहुसंख्य, जो एखाद्या आवेगाने किंवा स्वार्थाने एकत्र येतो आणि इतरांच्या हक्कांवर किंवा समाजाच्या कायमच्या हितावर उठतो. म्हणजे निम्म्याहून जास्त देश एका बाजूला गेला, तरी तो फॅक्शनच. इथे कंपू आणि टोळकं बाद होतात.

माझं मत ‘तट’ला. बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, पालखीच्या मानावरून गावात तट पडतात आणि अर्धं गावसुद्धा एका तटात असू शकतं. मॅडिसन धर्म, राजकीय मतं, पुढाऱ्यांची ओढ अशी कारणं देतो, पण सगळ्यांत चिवट कारण म्हणजे संपत्तीची असमान वाटणी. सावकार एकीकडे, कर्जदार दुसरीकडे. या लेखाच्या थोडंच आधी, १७८६-८७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजबरोबर सरकारविरुद्ध उठले होते. कर्जमाफीची आणि कागदी चलनाची मागणी मॅडिसन सरळ दुष्ट बेतांत मोजतो. तेव्हा व्याख्या दिसते तितकी तटस्थ नाही. (हे लिहिणारा स्वतः व्हर्जिनियातला गुलाम बाळगणारा मळेवाला. ‘इतरांच्या हक्कां’त ते गुलाम कुठे बसतात, यावर लेख गप्प आहे.)

पानसुपारी : आणि ‘पक्ष’? तो स्वतः पार्टी हा शब्दही वापरतो.

बोरूबहाद्दर : वापरतो, आणि दोन्हींत फारसा फरक करत नाही. पण आज पक्ष म्हटलं की निवडणूक चिन्ह डोळ्यांपुढे येतं. शिवाय १७९० च्या दशकात या गृहस्थांनीच जेफरसनबरोबर पक्ष उभा केला. ‘पक्ष’ लिहाल तर वाचक त्याला पहिल्या पानावरच ढोंगी ठरवेल.

उंबरठा : तट पटला, पण ‘तटाची बीजं मनुष्यस्वभावातच आहेत’ असं वाचलं की मला पुरंदरचा तट दिसतो! क्रियापद सोबत ठेवा : ‘माणसांत तट पडतात ते स्वभावामुळेच.’ त्याचा पुढचा मुद्दाही मग सोपा होतो. आगीला हवा लागते, तसं तटांना स्वातंत्र्य लागतं. म्हणून कोणी हवाच काढून टाकत नाही. तट पडणारच, त्यांचे परिणाम आवरायचे. त्याचा उपाय मोठं प्रजासत्ताक : तट इतके होऊ द्यायचे की एकाचंच बहुमत जमणं अवघड जावं.

वऱ्हाडी : माणूस वाईटच, असं धरून चालतो काय हा?

उंबरठा : नाही. पंचावन्नाव्या लेखात तो म्हणतो की माणसात सावध राहावं असा नीचपणा आहे, तसे विश्वास टाकावा असे गुणही आहेत, आणि प्रजासत्ताकाला हे गुण इतर राज्यपद्धतींपेक्षा जास्त लागतात. एक्कावन्नाव्यातलं ‘माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं’ तेवढं सगळे उचलतात.

पानसुपारी : एक्कावन्नावाही करायचाय. त्यात ‘अँबिशनला अँबिशननेच आवरावं’ असं आहे. तिथे ‘अँबिशन’ला महत्त्वाकांक्षा?

बोरूबहाद्दर : ती आता दहावीच्या सत्कारात शोभते. ‘ईर्षेला ईर्षेनेच शह’ करून बघा.